थंड लोखंडाची रेषा

फार पूर्वी फुटलेल्या एका ताऱ्याचा ढग अजून इतका तापलेला होता की त्यातून क्ष-किरण निघत होते. उपग्रहावरचा कॅमेरा ते टिपायचा. त्यावरून ढगात कुठलं मूलद्रव्य किती, हे काढायचं काम संशोधन केंद्रातल्या एका बाईकडे होतं. सगळे तिला मोजणीबाई म्हणत.

सिलिकॉन, गंधक अपेक्षेइतकंच निघालं. लोखंड मात्र सूर्यातल्या प्रमाणाच्या बारापट! तिचे विभागप्रमुख, सर, हरखून गेले, लेख लिहायला बसले.

प्रत्येक मूलद्रव्याची रेषा आलेखात आपापल्या ठरावीक ऊर्जेवर उमटते. मंगळवारी दुपारी तिनं लोखंडाच्या रेषेची जागा पुन्हा तपासली. इतक्या तापलेल्या लोखंडाची रेषा ऊर्जेच्या पट्टीवर ६.७ पाशी हवी. ही ६.४ वर होती. थंड लोखंडाची.

तिनं रिकाम्या आकाशाची नोंद उघडली. तिथे ना तारा, ना ढग. तरी रेषा होतीच. मागच्या महिन्यातली जरा बुटकी, त्याआधीची आणखी बुटकी.

"सर, हे लोखंड ताऱ्याचं नाही, कॅमेऱ्याच्या पेटीचं आहे. कवच सैल झालंय, बाहेरचे कण आत घुसून पेटीच्या लोखंडावर आदळतायत. झाकण बंद केलं नाही तर कॅमेरा जाईल. काकांना सांगू?"

काका म्हणजे तळमजल्यावरचे, कॅमेरा बांधणारे इंजिनिअर.

सर चष्मा पुसत राहिले. "अगं, शुक्रवारी लेख जातोय. आत्ताच कशाला बोंबाबोंब? आधी खात्री कर."

खात्री तिला होती. तरी ती "बरं" म्हणाली.

बुधवारी रेषा वाढली. गुरुवारी आणखी. डबा तसाच घरी गेला. "बरं वाटत नाही का गं?" सासूबाईंनी विचारलं. तिनं डबा रिकामा करून धुवायला घेतला.

शुक्रवारी सकाळी ती कुणाला न विचारता जिना उतरली. आलेख बघता बघता काका खुर्चीतून उठले.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"मंगळवारपासून."

त्यांनी उपग्रहाला कॅमेऱ्याचं झाकण बंद करायचा हुकूम पाठवला. तासाभरानं उत्तर आलं: झाकण हललंच नाही. ते फिरवणारं सर्किट त्या कणांच्या माऱ्यानं आदल्या संध्याकाळीच जळलं होतं.

"मंगळवारी बंद झालं असतं," काका म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं, असं तिला वाटलं.

त्यानंतर कॅमेरा नऊ दिवस टिकला.

अहवालाच्या मसुद्यात 'अचानक बिघाड' असं होतं. तिनं 'अचानक' खोडलं, तीन दिवस कोण गप्प बसलं ते लिहिलं, आधी स्वतःचं नाव घातलं, मग सरांचं. सरांनी ते वाचलं. तिच्याकडे न बघता सही केली.