मशिनं थांबली त्या मंगळवारी

भोसरीच्या एमआयडीसीत शांतता मिळते ती गुरुवारी, तीही अर्धीमुर्धी. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते. बाकीचे सहा दिवस मंजुळाबाईंच्या चाळीसमोरच्या शेडमध्ये साहेबरावांचं प्रेसमशीन पत्रा ठोकत असतं. एक ठोका पडला की फडताळातल्या कपबश्या थरथरतात, त्या जागेवर येतायत तोवर दुसरा पडतो. नवा भाडेकरू पहिल्या आठवड्यात कानात कापूस घालतो, दुसऱ्या आठवड्यात ओरडून बोलायला शिकतो आणि सहा महिन्यांनी गावी गेला की त्याला मेल्याला झोप लागत नाही. अकरा वर्षांची तेजस्विनी तर या ठोक्यांतच लहानाची मोठी झाली होती. बीडकडच्या आजोळी गेली की ती आईला विचारायची, इथलं सगळं बंद का पडलंय?

त्या मंगळवारी सकाळी तिच्या आईच्या, मोनिकाच्या, पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून आठ दिवस होते. आदल्या दिवशी गव्हाचा डबा सरकवला त्यानं कंबर धरली असेल, असं म्हणून ती भाकऱ्या थापत बसली. बाई मोठी हट्टी. दोन बाळंतपणं झाली म्हणजे तिसऱ्याचं आपल्याला सगळं कळतं, असा तिचा समज. आणि तिसरं पोर तर कुणाला विचारून येत नाही, हे गल्लीतली कुठलीही बाई तिला सांगू शकली असती. भाकरी तव्यावर फुगत होती तेवढ्यात मोनिकानं ओट्याची कड धरली आणि ती हळूहळू खाली बसली. फरशीवर पाणी पसरलं.

"तेजू, आधी गॅस बंद कर," ती दात आवळून म्हणाली. "मग मंजुळाबाईंना बोलाव. पळत जा."

तेजस्विनीची शाळा दुपारची, म्हणून ती घरात होती. पाच वर्षांचा सार्थक कॉटवर बसून पावाचा तुकडा चहात बुडवत होता. वडील, कुलदीप, चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेले होते. तिथं फोन गेटवरच जमा करून घेतात. माणूस एकदा आत गेला की जग इकडचं तिकडं झालं तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून कुलदीपनी गेटवरचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला होता. मंजुळाबाईंना हाक मारून आल्यावर तेजस्विनीनं तो लावला.

"निरोप देतो, बाळा," पलीकडचा वॉचमन म्हणाला. "काय सांगू?"

"लवकर घरी या म्हणावं," ती म्हणाली. एवढंच सांगून तिनं फोन ठेवला.

मंजुळाबाई आल्या त्या पदर खोचूनच. ही जुन्या गावठाणातली म्हातारी. चाळ तिची, शेडची जागाही तिचीच. तिच्या तोंडाला गल्लीतली कुत्रीसुद्धा भ्यायची. तिनं मोनिकाकडं एकदा पाहिलं आणि रुग्णवाहिकेला फोन लावायला सांगितला. गाडी निघाली, पण चाकण रोडला कंटेनरची रांग लागलेली. तोवर मी सांगते तसं करा, असं म्हणून एक डॉक्टरबाई फोनवर थांबल्या.

"पोरांना भाईर काढा आधी," मंजुळाबाई म्हणाल्या.

पण एका खोलीच्या घरात बाहेर म्हणजे कुठं? आणि गरम पाणी कोण देणार, धुतलेली लुगडी कोण काढणार? म्हातारीला चष्म्याशिवाय फोनचं बटण दिसत नव्हतं. शेवटी तेजस्विनी आईच्या उशाशी राहिली आणि फोन सार्थकच्या हातात आला. आरतीचं ताट धरावं तसा तो दोन्ही हातांनी फोन धरून उभा राहिला. त्याला कुणी हलू नको म्हटलं नव्हतं, तरी तो हलला नाही.

पुढचं सगळं तेजस्विनीनं पाहिलं. आईला कसं तरी होतंय हे बघून आधी तिला रडू येत होतं, मग ते कधी थांबलं तिला कळलंच नाही. आईचा चेहरा तिला अनोळखी वाटायला लागला. रोज वेणी घालताना केस ओढणारी, भाजीवाल्याशी भांडणारी हीच बाई आपल्या आत एवढं बळ बाळगून होती? मग काळ्या ओल्या केसांचं एक डोकं दिसलं. मग इवलासा खांदा. आणि एका क्षणापूर्वी खोलीत चौघं होती, तिथं आता पाच झाली. दारातून कुणी आलं नव्हतं. तेजस्विनीच्या अंगावर काटा आला.

"पोरगी हाय," मंजुळाबाई म्हणाल्या.

पण पोरगी रडली नाही. जांभळट, ओली, मंजुळाबाईंच्या हातांवर ती नुसती पडून होती.

"ताट आण, तेजू! लाटणं आण!" म्हातारी ओरडली. "आमच्यात पोर जन्मलं की ताट वाजवत्यात. दचकून रडतं."

तेजस्विनीनं ताट वाजवलं, जीव खाऊन वाजवलं. पण समोर प्रेसमशीन पत्रा ठोकत होतं, त्यापुढं त्या ताटाची काय मातब्बरी! नऊ महिने त्या ठोक्यांखाली वाढलेलं पोर, ते ताटाला थोडंच दचकणार?

"ताट ठेवा!" फोनमधून डॉक्टरबाई ओरडल्या. "टॉवेलनं अंग पुसा, पाठ चोळा. आता बाळाच्या—" ठोका पडला. "—थोडी मागं, आणि मग—" पुन्हा ठोका. "ऐकू येतंय का तुम्हाला? श्वास चाललाय का? कान लावून बघा!"

मंजुळाबाईंनी त्या चिमुकल्या छातीला कान लावला. ठोका पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. त्यांनी मान वर केली तेव्हा तेजस्विनीनं पहिल्यांदाच त्या म्हातारीला घाबरलेलं पाहिलं.

"मला काय बी ऐकू येईना, बाई. त्यो ठोका ऐकू येतोय का हिचं काळीज, मला कळंना."

मोनिका कोपरावर उठायला धडपडत होती. "तेजू," ती म्हणाली.

तेजस्विनी अनवाणीच पळाली. गल्ली ओलांडून शेडच्या दारात जाऊन ती ओरडली, "काका, बंद करा!" कोण ऐकतंय? आत माणूस माणसाशी खुणांनी बोलतो. भैरू नावाचा कामगार पाठमोरा बसून एकामागून एक पत्रा सरकवत होता. कडेला साहेबराव फोन कानाला गच्च दाबून कुणाला तरी शपथेवर सांगत होते की माल दुपारच्या ट्रकनं निघतोय म्हणून. तिच्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा तिनं ती खूण केली. दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली धरली. या गल्लीतली पोरं कसलेही खेळ खेळतात, पण ती खूण कुणी खेळण्यात करत नाही. कुणाचा तरी हात मशीनमध्ये गेलाय, असा तिचा अर्थ आहे.

पलीकडच्या ग्राइंडरवरच्या माणसानं ती पाहिली आणि झडप घालून मेन स्विच खाली ओढला. ठोका अर्ध्यावर मेला. शेडमधल्या प्रत्येकानं आधी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. मग साहेबराव धावत आले, चेहरा पांढराफटक.

"कुणाचा? कुणाचा हात गेला?"

"हात नाही, काका," तेजस्विनीला धाप लागली होती. "बाळ. आमचं बाळ आलंय. पण मंजुळाबाईंना त्याचा श्वास ऐकू येत नाहीये."

दुसरा कुणी असता तर त्या खोट्या खुणेबद्दल तिच्या मुस्काटात बसली असती. साहेबराव तसेच रस्त्यावर आले, शेजारच्या शेडकडं तोंड करून त्यांनी स्वतः हातांची फुली केली. तिथल्या माणसानं पुढच्या शेडकडं केली. काँप्रेसर बसले, लेथ फिरत फिरत थांबले. बघता बघता सगळी गल्ली गप्प झाली.

तेजस्विनी परत पळाली तेव्हा दारादारांतून बायका बाहेर येत होत्या. "कोण गेलं?" एकीनं तोंडाला पदर लावून विचारलं. चालू दिवशी इथली मशिनं थांबतात ती कुणाची तिरडी निघाली तरच.

खोलीत ती आली आणि दारातच थबकली. हे घर तिनं कधी ऐकलंच नव्हतं. मोरीतल्या नळाचा थेंब ऐकू येत होता, पंख्याची कुरकुर ऐकू येत होती, आईचा श्वास ऐकू येत होता. आणि डॉक्टरबाईंचा आवाज खोलीत कुणी शेजारी बसून बोलावं तसा स्वच्छ ऐकू येत होता.

"मान किंचित मागं करा. तिच्या नाका-तोंडावर तुमचं तोंड ठेवा. गालात मावेल एवढीच फुंकर. हळू. अजून एकदा."

सत्तरीची म्हातारी त्या मुठीएवढ्या चेहऱ्यावर वाकली. बाहेर पन्नासेक माणसं उभी होती आणि त्यांतल्या एकाच्याही पायाखालची खडी वाजली नाही. तेजस्विनीनं आईचा हात धरला. देवाचं नाव घ्यावं हे तिला सुचलं नाही. ये, ये, ये, एवढंच ती मनात म्हणत राहिली.

"हललं," सार्थक म्हणाला.

आधी खरवडल्यासारखा एक बारीक आवाज आला. मग क्षणभर काहीच नाही. मग ती पोरगी अशी किंचाळली की मंजुळाबाई मागं सरकल्या. डॉक्टरबाईंनी पाठ चोळायला सांगितली म्हणून ती रडली की फुंकरीनं रडली, ते त्यांचं त्यांना ठाऊक. गल्लीतली माणसं मात्र अजून शपथेवर सांगतात, की आईच्या पोटात नऊ महिने ठोके ऐकलेलं पोर त्या शांततेलाच दचकलं.

"नाळ कापू नका, गाडी पोचतेच आहे," डॉक्टरबाई सांगत होत्या, पण त्यांचाही आवाज भरून आला होता. मंजुळाबाईंनी पोरीला जुन्या लुगड्यात गुंडाळून मोनिकाच्या छातीवर ठेवलं. जांभळा रंग ओसरून ती गुलाबी होत होती, आधी ओठ, मग गाल, मग बोटं. तेजस्विनी ते पापणी न हलवता पाहत होती. हिला अजून नाव नाही, हिनं अजून काही पाहिलं नाही, आणि हिच्यासाठी सगळी एमआयडीसी उभी राहिलीय, असं तिला वाटलं.

दाराबाहेर पाठ करून उभ्या असलेल्या साहेबरावांनी विचारलं, "बरी हाय ना?"

"बरी हाय. गळा तुझ्या मशीनपेक्षा मोठा हाय," म्हातारी डोळे पुसत म्हणाली.

"मालक, चालू करू का?" मागून भैरूनं विचारलं.

"थांब रे. गाडी येऊन जाऊ दे. ट्रक कुठं पळून चाललाय?"

गाडी आली, पण अरुंद गल्लीत शिरेना, म्हणून तोंडाशीच थांबली. गाडीतल्या डॉक्टरांनी नाळ कापली, दोघींना तपासलं, दोघी ठीक आहेत म्हणाले. स्ट्रेचर आणायला माणसं गेली, त्यांच्यासाठी वाट मोकळी करायला तेजस्विनी बाहेर आली. आणि तिला वडील दिसले.

कुलदीप कुणाच्या तरी मोटारसायकलवरून उतरले होते. गल्लीच्या तोंडाशी रुग्णवाहिका, रिकामं स्ट्रेचर निघालेलं, दोन्ही बाजूंना कामगार हात बांधून उभे, आणि एकही मशीन चालू नाही. ते पुढं आलेच नाहीत. विजेच्या खांबाला धरून ते खाली बसले.

ती शांतता ऐकून त्यांना काय वाटलं ते तेजस्विनीला कळलं. ती धावली. धापा टाकत तिनं त्यांचे खांदे धरले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, पण त्यांना ती दिसत नव्हती.

तेवढ्यात खोलीतून पोरगी पुन्हा किंचाळली. एरवी तो आवाज शेजारच्या दारातसुद्धा पोचला नसता. आज तो सगळी गल्ली ओलांडून खांबापाशी आला.

कुलदीपनी डोकं वर केलं. "कुणाचं रडतंय?"

"आपलं," तेजस्विनी म्हणाली.

"आणि आई?"

"आई चहा मागतीये."

कुलदीपनी दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं आणि ते हुंदके देऊन रडायला लागले. झाकायला एक ठोकाही नव्हता, तेही सगळ्या गल्लीनं ऐकलं.