वावरात न गेलेली गाडी

मी एक जुनी गाडी आहे. चाके चार, पण हँडल मोटारसायकलचे. त्यामुळे मला मोटार म्हणावे की फटफटी, यावर शहाण्यांचेही एकमत होत नाही. कागदोपत्री मी एटीव्ही, म्हणजे कुठल्याही वाटेवर चालणारी गाडी. चिखल, वाळू, दगडधोंडे ही माझी आवडती वाट. डांबरी रस्त्यावर धावायला मात्र माझी नोंदणीच होत नाही, हे मित्रांनो, आधीच सांगून टाकते.

परदेशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि लाकडी खोक्यात बसून मी पुण्यात आले. आमच्या कंपनीचा तेव्हा देशभरातला पसारा म्हणजे शनिवार पेठेतला एक गाळा, मी, आणि वाशीमकडून नोकरीसाठी आलेला बद्रीनाथ नावाचा तरुण विक्रेता. लोक दारात थांबून मला न्याहाळत. एक आजोबा चष्मा वर करून म्हणाले, "रस्त्यावर चालत नाही म्हणता? मग आपण ही ठेवलीय कशाला, धूळ पुसायला?" बद्रीनाथ ओशाळून हसला आणि आजोबा वळताच खरोखरच फडके घेऊन माझी धूळ पुसू लागला.

सहा महिन्यांत एकही गाडी खपली नाही. मग त्याने डोके लढवले. वारज्याच्या कडेला शालनबाईंचे अडीच एकर पडीक रान भाड्याने घेतले, त्यात चढउतार आणि चिखलाची डबकी केली, आणि लोकांना बोलावून माझ्यावर बसवले. माणसे घाबरत बसायची, आरोळ्या ठोकत फिरायची आणि उतरल्यावर नवी कोरी गाडी मागवून जायची. शिकवणी माझ्यावर, वरात दुसरीची! मला राग यायचा. खोटे कशाला बोलू?

पण बद्रीनाथ होता. संध्याकाळी सगळे गेले की तो माझ्या टाकीवर थाप मारून आपल्या वऱ्हाडीत बोलायचा. त्याच्या गावचे वावर काळ्या मातीचे. पावसाळ्यात त्या वाटेवर बैलगाडीसुद्धा रुतायची. त्याच्या वडिलांचे, आबांचे, गुडघे गेलेले. पेरणी झाली की ते चार महिने ओसरीत बसून वावराच्या दिशेने बघत राहायचे. "तुले गावाले नेतो मी," तो म्हणायचा. "आबाले मांगं बसवतो अन् सिद्धा वावरात नेतो."

त्या दिवसापासून मला दुसरे काही नको झाले. दर पावसाळ्यात वाटे, या खेपेला नक्की.

कंपनी मात्र वाढत सुटली. नाशिक, इंदूर, जयपूर, पार गुवाहाटीचे विक्रेते माझ्यावर शिकून गेले. माझ्या धाकट्या बहिणी राजस्थानच्या वाळूत आणि हिमाचलच्या बर्फात धावू लागल्या. बद्रीनाथचा बद्रीनाथसाहेब झाला. आधी रोज यायचा, मग आठवड्याने, मग फक्त पाहुण्यांना घेऊन. गावाकडून फोन आला की म्हणायचा, "औंदा जमत नाही आबा, पुढच्या पेरणीले गाडी घेऊन नक्की येतो." देशभर गाड्या पोचवणाऱ्या माणसाला एक गाडी वाशीमला पोचवायला सवड होईना. शालनबाई मला नळीने धुताना पुटपुटायच्या, "लई मोठा झाला गं तुझा बद्री."

एकदा तो भर दुपारी एकटाच आला. डोक्याचे मुंडण केलेले. शालनबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आबा गेले, मावशी," तो म्हणाला. "शेवटी रोज एकच विचारत होते, तुझी ती गाडी कधी येते?"

त्याने माझ्या हँडलवर डोके टेकले. आपल्याला रडता येत नाही, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

पुढच्या वर्षी कंपनीचे मोठे कार्यालय झाले. देशातली आपली पहिली गाडी म्हणून मला तिथे मानाने बसवायचे ठरले. गालिचा खराब होऊ नये म्हणून माझे ऑइल काढले, टाकी कोरडी केली. शालनबाईंना हे मुळीच पटले नाही. "अवो साहेब, गाडी धडधाकट हाय. मान द्यायचा तर रान द्या की तिला! मखरात बसवायला ती काय गौर हाय?"

"आता कुणासाठी पळवायची, मावशी?" बद्रीनाथ म्हणाला.

गुरुजी आले, नारळ फुटला, हार पडला, टाळ्या वाजल्या. आता मी चकचकीत असते. शेजारी पाटी आहे, 'कृपया हात लावू नये'. पाटी पुण्यातली, त्यामुळे खाली आणखी एक ओळ आहे, 'डोळ्यांनीही पाहता येते'.

हात लावतो तो फक्त बद्रीनाथ. एखाद्या संध्याकाळी कार्यालय रिकामे झाले की बूट काढून माझ्यावर बसतो आणि अंगठ्याने वेगाची खटकी दाबतो. परवा तर मागे न बघता हलकेच म्हणाला, "आबा, घट्ट धरजा." मी सगळा जीव एकवटून पळायला बघितले. जागची हललेसुद्धा नाही.

मित्रांनो, मला पुसायला इथे पुष्कळ माणसे आहेत, माझी काळजी नको. पण तुमच्याही घरात कुणी आजोबा, कुणी आजी एखाद्या जागेचे नाव घेत बसले असतील. त्यांना या सुट्टीतच तिथे न्या. गाडी नसली तर एसटीने न्या, पण न्या.