शेषरावांच्या टाकीतल्या गोगलगाई

कारंजा डेपोतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यावर शेषरावांनी पहिली हौस कुठली केली असेल, तर माशांची. अकोल्याहून काचेची टाकी आणली, ती मांडीवर धरून एस.टी.नंच. बैठकीतल्या बुटक्या टेबलावर ती बसवली, तळाशी बारीक खडे पसरले आणि रंगीत गप्पी माशांसोबत काळ्या मॉलीची एक जोडी सोडली.

चंपाबाईंनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "हे तुमचं तुमी पाहा. मी तिकडे ढुंकून बी पाहनार नाई. घरातल्या मानसाइले नळाची वाट पाहा लागते, अन् मासोयाइले काचेचा बंगला!"

शेषरावांनी ते मनावर घेतलं नाही. टाकी उघडीबोडकी दिसते म्हणून त्यांनी दुकानातून पाण्यातली हिरवी रोपटीही आणून लावली. पुढे काही आठवड्यांनी काचेवर मोहरीएवढा एक ठिपका दिसला. घाण असेल म्हणून ते पुसायला गेले, तर ठिपका चालायला लागला! चष्मा लावून पाहिलं, तर पाठीवर चिमुकला शंख घेतलेली गोगलगाय. रोपट्याच्या पानाखाली चिकट, पारदर्शक थेंब होते आणि त्यांत अंडी. रोपट्यासोबत पाहुणेही घरात आले होते. बघता बघता काच, खडे, हवेच्या पंपाची नळी, जिकडे पाहावं तिकडे गोगलगाई.

दुकानदार म्हणाला, "दवाई आहे काका. चार थेंब टाका, सगळ्या साफ." शेषरावांनी ती आणली. बाटलीचं झाकण फिरवतात तोच स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"काय टाकून राह्यले?"

"दवाई. गोगलगाई मरतात यानं."

"अन् सकायी पंचशील म्हनता, ते कायले?"

शेषरावांचा हात तिथंच थांबला. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, तिच्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं आणि बाटली कपाटात ठेवून दिली.

मग त्यांनी दुसरी युक्ती केली. संध्याकाळी काकडीची चकती दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायची आणि सकाळी वर काढायची. चकती गोगलगाईंनी भरलेली असे. त्या सगळ्या ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी घालून ठेवत. बरणी भरत आली, पण टाकीतली गर्दी काही हटेना.

रविवारी लेक रूपा आली. ती किन्हीराजाजवळच्या एका शाळेत शिक्षिका होती. बॅग ठेवली न ठेवली तोच ती टाकीसमोर गुडघ्यांवर बसली.

"बाबा, खानं किती टाकता?"

"सकायी एक चिमूट. बस."

"मंग हे काय?" तिनं खड्यांकडे बोट दाखवलं. त्यांच्या फटींमध्ये पांढरे, फुगलेले तुकडे अडकले होते. "उरलेलं सडून राह्यलं. गोगलगाई त्याच्यावरच पोसतात. खानं कमी करा, त्या आपोआप कमी होतील."

शेषराव बुचकळ्यात पडले. डबीतलं खाणं लालसर होतं. हे पांढरं कुठून आलं? चंपाबाई तेवढ्यात "चहा उतू जाऊन राह्यला" म्हणत आत निघून गेल्या.

त्यांनी चिमूट अर्धी केली. तरी गोगलगाई तेवढ्याच.

बुधवारी ते पोहरादेवीला हरिसिंगकडे निघाले. हरिसिंग त्यांचा जुना कंडक्टर. पण गाडी रद्द झाली आणि दुपारीच त्यांना परतावं लागलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून चंपाबाईंचा आवाज येत होता. शेजारीण आली असेल, असं वाटून ते उंबऱ्यातच थबकले.

फटीतून पाहिलं, तर शेजारीण नव्हती. चंपाबाई टाकीसमोर पाट टाकून बसल्या होत्या. ताटलीत चपाती होती आणि तिच्या इवल्या गोळ्या करून त्या एकेक पाण्यात सोडत होत्या.

"घे वं काये. त्यायनं तं तुही चिमूटच अर्धी केली." काळी मॉली हाक कळल्यासारखी त्यांच्या बोटासमोर येऊन तोंडाची उघडझाप करत होती. "रूपा लय बारीक झाली वं. डबा खाते का नाई, कोन जाने. इचारलं तं म्हन्ते, खातो. अन् काल गवार आनली, तं सारी जून निंगाली..."

'सापडली चोर!' असं ओरडावं म्हणून शेषरावांनी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. नोकरीत त्यांच्या निम्म्या रात्री बाहेरगावच्या डेपोत गेल्या होत्या. घरी आलं की जेवायचं आणि झोपायचं. लेकरं शाळेत गेली की ही दुपारी कोणाशी बोलत असेल, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

ते पाय न वाजवता मागे सरले, फाटकापर्यंत गेले आणि फाटकाची कडी जोरजोरात वाजवत ओरडले, "अवं, गाडी रद्द झाली!"

ते आत आले तेव्हा पाट भिंतीला उभा होता आणि चंपाबाई गवार मोडत होत्या.

जेवताना शेषराव म्हणाले, "मासोयाइचं खानं आजपासून तूच देत जाय. माह्या हाताले अंदाज नाई."

"मले कायले गुतवता?"

"गोगलगाई कमी कराच्या हायेत ना?"

चंपाबाईंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली. "देईन. पन मंग तुमी हात लावाचा नाई."

"नाई लावत."

"अन्... चपाती चालते का त्याइले?"

"नाई चालत," शेषराव ताटात पाहत म्हणाले. "पानी खराब होते म्हन्ते."

"मी आपलं इचारलं."

शेषरावांनी नळीनं खड्यांतली घाण ओढून काढली, थोडं थोडं करून पाणी बदललं. चंपाबाईंनी डबी ताब्यात घेतली आणि त्या इतकं मोजून खाणं टाकू लागल्या, की मासे ताटकळत काचेशी उभे राहत. महिनाभरात गोगलगाई विरळ झाल्या. उरल्यासुरल्या काचेवरचं हिरवं शेवाळ खात फिरत. "राहू द्या त्याइले. काच पुसतात बिचाऱ्या," चंपाबाई म्हणाल्या. बरणी रूपा वर्गातल्या मुलांना दाखवायला घेऊन गेली. "उरलेल्या नाल्यात कोनी सोडू नका फक्त, तिकडे बी असाच गोंधय होईन," एवढं आईबाबांना बजावून गेली.

आता दुपारी शेषराव बाहेर जायचं टाळतात. पाटाशेजारी खुर्ची ओढून पेपर वाचत बसतात. चंपाबाई बोलतात ते माशांशी की त्यांच्याशी, हे ठरवायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

परवा ते अंगणात सायकल पुसत होते. आतून हाक आली, "अवो, धावा लवकर! आपल्या कायीले पिल्लं झाली!"

ते ओल्या हातानंच धावले. रोपट्यांच्या आड पापणीच्या केसाएवढे काळे जीव लपत होते. दोघांनी काचेला नाक लावून मोजायला घेतलं. दोघांचे आकडे वेगळे आले.

"तुमाले दिसत नाई, चष्मा लावा," चंपाबाई म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या.