मानेतलं लोखंड

मित्रांनो, तुम्ही शाळेतल्या प्रदर्शनात मातीची मूर्ती पाहता तेव्हा मला पाहत नाही. मी दिसलो तर काम बिघडलं असंच समजायचं. मूर्तीच्या पोटात जो लोखंडी सांगाडा उभा असतो, तो मी. जुना आहे, लाकडी फळीला स्क्रूने घट्ट बसवलेला आहे, आणि कोल्हापुरातल्या एका हायस्कूलच्या कलादालनात राहतो.

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये उरलेल्या सळईपासून माझा जन्म झाला. कला शिकवणाऱ्या संयोगिता मॅडमनी मला वाकवून घेतलं, डोक्याच्या जागी दोन तारांची कडी केली आणि तिच्यात दोन काड्या आडव्या-उभ्या बांधून केलेल्या लाकडाच्या छोट्या फुल्या लटकवल्या. माती जड असते. आधार नसेल तर ती घसरते. फुल्या तिला धरून ठेवतात आणि मी फुल्यांना.

मॅडम मुलांना आधी घन, शंकू, नळकांडी करायला लावत. मग म्हणत, "आता काम फिरवून बघा. चित्राला एक बाजू असते, याला किती आहेत ते मोजून दाखवा." मुलं मोजायला लागत आणि हसत सुटत. कितीतरी डोकी माझ्यावर घडली, वाखाणली गेली आणि पुन्हा मोडून मातीच्या पिंपात गेली. पाहुणे म्हणत, अगदी जिवंत वाटतं हो. आत कोण उभं आहे, असं कुणी विचारलं नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नसे.

मग नववीतली सौंदर्या आली. गडहिंग्लजच्या पलीकडचं तिचं गाव. वडील गेल्यावर ती मंगळवार पेठेत मामाकडे राहायला आली होती. तिला वडिलांचं डोकं करायचं होतं.

"फोटो आण मग," मॅडम म्हणाल्या.

"फोटो लई हायत, मॅडम. सगळे समोरून काढलेले." तिने मातीचा गोळा हातात घेतला. "मी अप्पांच्या गाडीवर मागं बसायची. बाजारला, शाळेला, सगळीकडं. मला मागची बाजू पाठ हाय. पण आता थोडं थोडं विसरायला लागलंय. त्याआधी करायचंय."

चेहरा तिने फोनमध्ये बघून केला. तो बरा झाला. मान मात्र तिने डोळे मिटून केली. कानामागचा खळगा, केस संपतात तिथली वाकडी रेघ, मधली खोल पन्हळ. ती दोन बोटं त्या पन्हळीत ठेवायची आणि मला आतून कळायचं की ही बोटं काही शोधत नाहीत, यांना ठाऊक आहे.

मॅडमनी टाचणी खुपसून पाहिली. टोक लगेच माझ्यावर आपटलं. "सौंदर्या, इथं माती फार कमी आहे गं. लोखंड जवळ आलंय. थोडी भर घाल."

"मान अशीच बारीक होती, मॅडम."

मॅडमनी आग्रह केला नाही. साचा घेईपर्यंत फडकं ओलं ठेव, एवढंच म्हणाल्या. त्याचं कारण तुम्हाला सांगतो. मातीच्या कणांमध्ये पाण्याचे पातळ थर असतात. पाणी उडून गेलं की कण जवळ सरकतात आणि सगळी माती आकसते. लोखंड आकसत नाही. मातीला आत यायचं असतं आणि आत मी उभा असतो. म्हणून कायमची मूर्ती ओतण्यासाठी प्लास्टरचा साचा निघेपर्यंत माती ओलीच ठेवायची असते.

साचा सुट्टीनंतर घ्यायचा ठरला. सौंदर्याने मूर्तीला ओलं फडकं गुंडाळलं, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली आणि ती गावी गेली. शनिवारी शाळा सुटल्यावर झाडलोट करायला तानाबाई आल्या. त्यांच्या माहेरी दरवर्षी शाडूचे गणपती होतात. लहानपणापासून मूर्ती वाळवणं हे त्यांच्या हातचं काम. पण गणपतीच्या पोटात लोखंड नसतं.

त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "अगं बाई, पोरीनं वल्यातच ठेवलं की. खाली बसंल ना मूर्ती." त्यांनी पिशवी सोडली, फडकं अलगद काढलं, पिळून दोरीवर टाकलं. मग मातीच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "पावणं, किती दिस असं गारठत बसणार तुमी? जरा वारं घ्या." खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि पोरीचं काम वाचवल्याच्या समाधानात त्या घरी गेल्या.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. माती माझ्याभोवती आवळत गेली तशी मी मनातल्या मनात विनवण्या करत राहिलो. कुणीतरी या. एक तांब्याभर पाणी आणा. मला वाकता आलं असतं तर वाकलो असतो. बारीक व्हायला जमलं असतं तर झालो असतो. मला ताठ उभं राहण्यासाठीच बनवलं होतं, आणि मी ताठ उभा राहिलो म्हणूनच ती फाटत होती. पहिली भेग जिथे थर सगळ्यांत पातळ होता तिथेच गेली. मानेवर.

सुट्टी संपल्यावर सौंदर्या धावत आली. तिने नेहमीसारखी दोन बोटं पन्हळीत ठेवली. मानेची खपली सुटून तिच्या हातात आली आणि तळहातावरच तिचे तुकडे झाले. मागून मी उघडा पडलो.

तानाबाई दारात उभ्या होत्या. "मीच उघडलं गं बाळ. मला वाटलं, बसंल."

सौंदर्या ते तुकडे एकमेकांना जोडून बघू लागली. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चेहरा शाबूत आहे. त्याचा साचा घेऊ आपण."

"चेहरा फोनमध्ये हाय, मॅडम. मान कुठंच न्हाय."

कोरड्या मातीला ओली माती धरत नाही. सगळं मोडावं लागलं. तीच माती पिंपात भिजली, मळली आणि पुन्हा माझ्यावर चढली. या वेळी तिने मानेपासून सुरुवात केली. डोळे मिटले, बोटं ठेवली, आणि बोटं थांबली. माती काढली, लावली, पुन्हा काढली. "असंच होतं का?" ती पुटपुटली.

मला माहीत होतं. पन्हळ किती खोल होती, ती कुठे वळत होती, माझ्यावर किती माती होती, सगळं मला आतून माहीत होतं. अजूनही आहे. ते तिला सांगायचा काही मार्ग माझ्याकडे नाही.

ती रोज येते, रोज थोडं बदलते. सुट्टीच्या दिवशी तानाबाई येतात. शाळेत दुसरं कुणी नसतं. त्या फडकं ओलं करतात आणि हळू आवाजात म्हणतात, "पावणं, पाणी घ्या."

मित्रांनो, पाण्याने मी गंजतो. फळीजवळ माझे पापुद्रे निघू लागलेत, आणि एक दिवस मी तिथूनच मोडणार आहे. तरीही माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. वर्गातून जाताना कुणाचं अर्धवट काम दिसलं तर त्याला काय हवं ते आधी विचारा. आणि ते मातीचं असेल, तर फडक्याला हात लावून पाहा. कोरडं लागलं तर माझी काळजी करू नका. पाणी घाला.