पिवळ्या विमानाची शेपटी

आदल्या आठवड्यात स्क्वाड्रनचं एक विमान शेपटीला भोकं पडून परत आलं, तेव्हापासून लंबूच्या घशाखाली घास उतरेना.

नौदलाची ही स्क्वाड्रन म्हणजे हरकाम्यांची. तिची दोन इंजिनांची विमानं युद्धाच्या काळात बॉम्ब टाकायला आणलेली. युद्ध संपल्यावर ती जुनाट ठरली, तेव्हा त्यांना पिवळा रंग फासला, पोटाखाली काळे पट्टे ओढले आणि उरल्यासुरल्या कामांना जुंपलं. जहाजांवर टपाल टाका, आजारी खलाशी आणा. एकदा तर कुठल्याशा बड्या साहेबाचा पियानोसुद्धा वाहून नेला. लढाऊ विमानांचे पायलट त्यांना हमाल म्हणून चिडवायचे. "पडेल ते काम करू, फक्त आपण पडायचं नाही," असं म्हणून ही मंडळी हसायची.

पण मुख्य काम वेगळंच होतं. विमानामागे लांबलचक तारेला एक कापडी बाही बांधायची आणि ती समुद्रावरून ओढत न्यायची. खालून जहाजांनी त्या बाहीवर तोफांचा नेम धरायचा. तार सोडणं आणि गुंडाळणं हे लंबूचं काम. उंचीमुळे त्याला हे नाव पडलेलं. विमानाच्या मागच्या भागात तो घडी घालून ठेवल्यासारखा बसायचा.

रविवारी तो ताईकडे जेवायला गेला. तिचा नवरा जहाजावर तोफेवरच होता.

"उद्या आमचा सराव आहे," दाजी म्हणाले. "कोण येतंय ओढायला?"

"मीच."

"मग नीट सरळ ओढा म्हणजे झालं. नाहीतर तुमच्याच शेपटीला चटका बसायचा!"

दाजी मोठ्याने हसले. ताई हसली नाही. लंबूचं ताट तसंच होतं, ते तिने पाहिलं होतं. "बरं नाही का रे?" तिने विचारलं.

"पोट बिघडलंय," तो म्हणाला. भीती वाटते, हे दाजींच्या देखत सांगायला जीभ वळली नाही.

सोमवारी आकाश स्वच्छ होतं. विमान चालवणारे सर स्क्वाड्रनमधले सर्वांत जुने. सगळे त्यांना पाठीमागे आजोबा म्हणत. समुद्रावर पोचल्यावर लंबूने तार सोडली. बाही दूर जाऊन लाल ठिपक्याएवढी झाली. खाली जहाजावर ठिणग्या चमकल्या आणि बाहीच्या मागे काळ्या धुराचे गोळे फुटले.

"कसं काय?" कानातल्या फोनवर आजोबांनी विचारलं.

"मागे पडतायत, सर."

पुढचे बाहीच्या जवळ फुटले. त्यापुढचे बाहीच्या अलीकडे. मग तारेच्या मध्यावर. 

"सर, गोळे तारेवरून पुढे सरकतायत. आपल्याकडे येतायत, सर!"

आजोबांनी रेडिओवरून जहाजाला ओरडून सांगितलं, "थांबवा! फायर थांबवा!" उत्तरादाखल नुसती खरखर आली. "लंबू, तार तोड! हे लोढणं असेपर्यंत मला वळता येत नाही."

त्याने तार तोडायचा दांडा ओढला. दांडा हलेना. दोन्ही हातांनी लटकला, तरी हलेना. तेवढ्यात बाहेर कान फाटेल असा आवाज झाला, विमान आडवं फेकलं गेलं आणि पत्र्यात भोकं पडून उजेडाच्या काड्या आत आल्या. जळक्या दारूचा वास नाकात भरला.

लंबू तार गुंडाळायच्या यंत्राच्या आडोशाला डोक्यावर हात घेऊन बसला. आता संपलं, एवढंच त्याला कळत होतं. आई आठवली नाही, देव आठवला नाही, फक्त लहान व्हावंसं वाटलं.

"लंबू, आहेस ना रे? बोल बाबा काहीतरी!"

 आजोबांचा आवाज रडवेला होता, आणि त्या आवाजानेच तो हलला. भिंतीला तार कापायची मोठी कात्री बांधलेली होती. ती काढून त्याने तळातल्या झडपेतून छातीपर्यंत अंग बाहेर काढलं. खाली नुसतं पाणी. वारा डोळे उघडू देईना. तारेचे पेड एकेक करून तुटू लागले. शेवटचा तुटला तेव्हा टोक चाबकासारखं उसळून त्याचा गाल फाडून गेलं.

विमानाने झेप घेतली. आजोबांनी ते तिरकं करून पाण्याच्या दिशेने खाली नेलं. मागे आणखी एक गोळा फुटला, आणि मग सगळं शांत झालं. उजवं इंजिन तेल ओकत बंद पडलं होतं. उरलेल्या एकावर त्यांनी कसाबसा धावपट्टीचा काठ गाठला.

लंबूला उतरताच येईना.  त्याला दोघांनी उचलून खाली घेतलं. आजोबा जागेवर बसून होते. मेकॅनिकने जवळ जाऊन त्यांची बोटं विमान चालवायच्या दांड्यावरून एकेक करून सोडवली.

संध्याकाळी दवाखान्यात दाजी आले. गालावरची पट्टी पाहून ते खाटेच्या कडेला बसले.

"माझीच तोफ होती रे," ते हळूच म्हणाले. "तोफेच्या खोलीत आम्हाला बाहेरचं काही दिसत नाही. वरच्या नेम धरणाऱ्या यंत्राचा काटा जुळला की मारायचं. त्या यंत्राने बाही सोडून विमानच पकडलं. आम्ही आपले भरतोय आणि मारतोय. वर सगळे खूश, नेम जमला म्हणून."

"मला भीती वाटत होती, दाजी. गेल्या आठवड्यापासूनच."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही हसत होता."



चौकशी झाली. स्क्वाड्रनच्या प्रमुखांनी लंबूला पुन्हा उडशील का म्हणून विचारलं, तेव्हा तो सरळ म्हणाला, "नाही सर. घाबरतो मी." खोलीत कुणी हसलं नाही. शेजारी उभे असलेले आजोबा म्हणाले, "माझंही तेच लिहून घ्या, सर."

आजोबा नोकरी सोडून गेले. लंबूला भांडारात काम मिळालं. वर्ष सरता सरता नेम धरायला माणसांवाचून उडणारी विमानं आली आणि पिवळी विमानं मोडीत काढायला मैदानात ओळीने उभी केली. त्यांतली तार गुंडाळायची यंत्रं काढायला लंबूलाच पाठवलं. ती त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती.

पहिल्या विमानात त्याने पाय ठेवला आणि आत जायचा धीर होईना. विमान जमिनीवर होतं, टाकीत तेलाचा थेंब नव्हता, तरीही. तो बाहेर येऊन चाकाला टेकून बसला. घाम पुसला, पाणी प्यायला. मग मेकॅनिकला म्हणाला, "तू दारात उभा राहा, आणि काहीतरी बोलत राहा. काहीही चालेल."

मेकॅनिक आपल्या सासूच्या तक्रारी सांगत राहिला, आणि लंबूने पाना हातात घेऊन पहिला नट सैल केला.