थंड इंजिनाचे तीन सेकंद

सकाळी पहिल्यांदा सुरू केली की गाडी तीन सेकंद खडखडायची. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कुणी हलवावेत, तशी. मग गप्प. दिवसभरात पुन्हा तो आवाज नाही. संध्याकाळी बाजारातून येताना तर अशी शहाण्यासारखी चालायची की माझा मलाच संशय यावा.

धाकट्या दिरांचं स्वतःचं गॅरेज आहे. भाऊजींनी गाडी दोनदा तपासली. मी चालवत नेली, त्यांनी बॉनेट उघडलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि इंजिन ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या वेळी त्यात एवढीच भर घातली की या वयात कानांतही आवाज येतात. दोन्ही मिस्त्री हसले. मीही हसले, कारण हातात त्यांचाच चहा होता.

एरवी मी विषय सोडला असता. पण सोमवारी माझी लेक ही गाडी घेऊन नोकरीच्या गावी निघणार होती. पहिली नोकरी, सहा तासांचा रस्ता, मध्ये घाट, आणि गाडीत ती एकटी.

मी बावीस वर्षं शिलाई करते. मशीनचा पट्टा सैल झाला की टाका चुकण्याआधी आवाज बदलतो, हे मला कुणी शिकवलं नाही. तेव्हा गिऱ्हाइकांचे दोन ब्लाउज बाजूला ठेवले आणि मोबाइलवर गॅरेजवाल्यांचे व्हिडिओ बघत बसले. कळेना तिथे थांबवायचं, पुन्हा लावायचं. इतकं समजलं की इंजिनात एक साखळी असते, ती वरच्या आणि खालच्या भागाला एका तालात ठेवते. जुनी झाली की ती ताणून लांबते. तिला घट्ट धरणारा दट्ट्या तेलाच्या दाबावर चालतो, आणि रात्रभर उभ्या गाडीत तो दाब नसतो. सकाळी तेल पोचेपर्यंत सैल साखळी आपटत राहते. पुढे मग गाडी उभ्या उभ्या थरथरते, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. आणि साखळी एक दाता जरी घसरली, तर आतले भाग एकमेकांवर आदळतात आणि चालतं इंजिन जागच्या जागी मरतं. घाटात मरायला कोणतं वळण निवडायचं, हे ते विचारत नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गाडी मी चालवत नेत होते. भाऊजींपुढे ती कायम तापलेलीच उभी राहिली होती.

गुरुवारी संध्याकाळी गाडी गॅरेजात ठेवली आणि सकाळी थंड असताना ऐका म्हणून सांगितलं. शुक्रवारी त्यांचा फोन आला, ऐकलं, काही नाही. मी तशीच उठून गेले आणि थोरल्या मिस्त्रीला सहज विचारलं, सकाळी आल्यावर आधी काय करता. तो म्हणाला, शटर वर, हवेचा कॉम्प्रेसर चालू, मग एकेक गाडी अंगणात. त्या कॉम्प्रेसरच्या घरघरीत शेजारी कुणी ढोल बडवला तरी कळलं नसतं.

शुक्रवारी गाडी परत आत ठेवायला लावली, सगळ्यांत शेवटी, अगदी शटरला खेटून. आणि चावी पर्समध्ये टाकून घरी आणली. ह्यांनी जेवताना सुनावलं की माझ्या भावाचा चारचौघांत अपमान करू नकोस. मी म्हटलं, चारचौघं नाहीत, तिघंच असतात.

शनिवारी शटर उघडायच्या आधी मी दारात.

“वहिनी, चावी द्या. मागे पाच गाड्या अडकल्यात.”

“कॉम्प्रेसर बंद ठेवा, मग सुरू करते.”

“आता तुम्ही मला गॅरेज चालवायला शिकवणार?”

“गॅरेज तुमचंच. मला तीन सेकंद द्या.”

मी आत बसले आणि चावी फिरवली. खडखडाट झाला आणि थांबला. थोरला मिस्त्री फरशीकडे बघत राहिला. भाऊजींनी बॉनेटवर हात ठेवला, आणि म्हणाले की जुन्या गाडीत एवढं असतंच, अजून पुष्कळ चालेल.

“तुमची पुतणी आत बसून घाट चढणार आहे,” मी म्हटलं. “तिला समोर बसवून हे सांगाल?”

भाऊजींनी बॉनेट उघडलं. मिस्त्रीला म्हणाले, कव्हर उघडायला घे.

दुपारी त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. साखळीला आधार देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीचे कुरतडलेले तुकडे होते, इंजिनाच्या तळाच्या तेलातून काढलेले. उघडून बघू असं आपण म्हणतच होतो, असं त्यांनी मिस्त्रीला सांगितलं. मी ते ऐकून घेतलं.

नवी साखळी मंगळवारी येणार होती. लेक भडकली. दोन बॅगा, एक खोका, आणि बस. निघताना म्हणाली, “तुला जिंकायचंच होतं.”

“हो,” मी म्हटलं आणि खोका बसमध्ये चढवला. पोचल्याचा फोन तिने बापाला केला.

मंगळवारी मी पुन्हा गॅरेजात. भाऊजींनी साखळी बसवली, दात्यांच्या चाकांवरच्या खुणा जुळवल्या आणि कव्हर उचललं.

“आधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवा,” मी म्हटलं. “खुणा पुन्हा जुळतात का बघू.”

“वहिनी, पंचवीस वर्षं हेच करतोय.”

“मग दोन फेऱ्यांनी काय बिघडतंय?”

त्यांनी कव्हर खाली ठेवलं, पाना लावला आणि सावकाश फिरवला. खुणा जागेवर आल्या. थोरल्या मिस्त्रीने माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं.

मी उभीच राहिले. “आणखी एकदा,” म्हटलं.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, आणि पाना परत लावला.