गोजाबाईचा जबाब

दिल्लीहून आलेलं पाकीट ज्योतीरामने तिसऱ्यांदा वाचलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वायरलेसच्या हौशी परवान्यासाठी त्याने केलेला अर्ज अडकला होता. कारण काय, तर ‘अर्जदार परवाना नसताना परदेशी संदेश पाठवतो, असा स्थानिक पोलिसांचा अहवाल आहे.’ पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा आला नाही, तर अर्ज रद्द आणि सेट जप्त.

संदेश पाठवतो म्हणे. कशाने पाठवतो, कपाळाने?

दोन वर्षं त्याने या एका कागदामागे घातली होती. फौजेत सिग्नलमध्ये तार वाजवायला शिकलेला गडी. सुटल्यावर पिंपरीच्या कारखान्यात फिटर झाला, चिंचवडात दोन खोल्या घेतल्या, पण बोटांची खाज काही गेली नाही. सेकंड शिफ्ट करून सकाळी अभ्यास केला. मुंबईला जाऊन परीक्षा दिली. मिनिटाला बारा शब्द टिपायचे होते, त्याने एकही चुकवला नाही. देहूरोडच्या डेपोतून भंगारात निघालेला लष्करी रिसीव्हर नूरमोहम्मद भंगारवाल्याकडून आणला आणि त्यासाठी पोस्टातून ऐकण्याचा वेगळा परवाना काढला. घराच्या आढ्यापासून मागच्या चिंचेपर्यंत सहासष्ट फूट तांब्याची तार ताणली. संदेश पाठवायचा ट्रान्समीटर मात्र अजून पत्र्याच्या सांगाड्यापुढे गेला नव्हता. परवाना हातात पडेपर्यंत त्यात व्हॉल्व्ह बसवून तो चालू करायचा नाही, अशी त्याची शपथच होती. रोज सकाळी तो मोर्सची कळ वाजवायचा, ती नुसती बॅटरीला आणि बझरला जोडलेली. हात बसावा म्हणून. तिचा आवाज शेजारच्या घरात जायचा, त्यापलीकडे नाही.

चैत्राच्या उन्हात तो तरातरा पोलीसपाटील मारुतरावांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला.

“पाटील, कुणी लिहून दिलं हे?”

मारुतरावांनी सुपारी कातरायची थांबवली नाही. “शेजाऱ्याचा जबाब घ्यावा लागतो, राव. वरनं हुकूमच आसतो. तुमची शेजारीन गोजाबाई. तिनं सांगितलं, म्या लिवलं, तिनं अंगठा दिला. मंग फौजदाराकडं धाडलं.”

त्यांनी दप्तर सोडून नक्कल काढली आणि वाचून दाखवली. ‘माणूस देवासारखा आहे. रोज सकाळी यंत्रावरून माझ्या गाझाच्या लेकाशी बोलतो. माझा निरोप त्याला देतो, त्याचा मला सांगतो. सरकारने त्याला परवाना जरूर द्यावा.’

“चांगलंच बोलली की म्हातारी,” मारुतराव म्हणाले. “ह्याच्यापरीस चांगलं कोन बोलंल तुमच्याबद्दल?”

“आणि तुम्ही डोळे झाकून लिहिलंत?”

“डोळं कशाला झाकू? समद्या गावाला ठावं हाय तुमी बोलता म्हनून. तुमी कधी न्हाई म्हनालात?”

यावर ज्योतीरामचा संताप आणखी वाढला.

नाही म्हणाला नव्हता, हे खरंच होतं. गोजाबाईचा मुलगा सोपान युनोच्या फौजेबरोबर गाझाला गेलेला. दिवाळीच्या आधी एका सकाळी बझर ऐकून ती दारात आली होती. ‘माज्या सोपानला लागतं का रं ह्ये?’ ज्योतीरामने तिला परवाना, व्हॉल्व्ह, सगळं सांगायला घेतलं. म्हातारीचं तोंड उतरत गेलं, तसा तो मध्येच म्हणाला, ‘लागतं.’ दुसऱ्या दिवशी म्हणाला, ‘निरोप दिला.’ तिसऱ्या दिवशी सोपान बरा असल्याचंही सांगून टाकलं. मग स्टेशनजवळच्या हॉटेलात लोक विचारू लागले, ‘काय ज्योतीराव, लंडन काय म्हनतंय?’ आणि हा चहाचा घोट घेऊन नुसता हसायचा. आवडायचं त्याला ते. फिटरला कोण विचारतो?

“एकच वाट हाय,” मारुतराव म्हणाले. “पयला जबाब चुकीचा, आसा तिनं दुसरा द्यायचा. चला, आत्ताच उरकू.”

गोजाबाई अंगणात बाजरी पाखडत होती. ज्योतीराम उभ्यानेच तिच्यावर बरसला.

“मावशी, पोलिसांपुढं एवढं बोलायला कुणी सांगितलं होतं तुला?”

“का रं? चांगलंच बोलले.”

“चांगलं? माझ्या दोन वर्षांचं वाटोळं केलंस तू. ती टिकटिक ह्या भिंतीच्या पलीकडं जात नाही. सोपानशी मी कधी बोललो नाही. एकदासुद्धा नाही.”

रागाच्या भरात ते सगळं एका दमात निघून गेलं. गोजाबाईने सूप खाली ठेवलं.

“दिवाळीत त्याचा ताप उतरला म्हनालास.”

“नाही.”

“सक्रांतीला, आईला ग्वाड बोलाया सांग म्हनाला, म्हनालास.”

“मीच मनानं सांगितलं, मावशी.”

“दिवाळीपास्नं म्या त्येला कागुद धाडला न्हाई.”

आधी दर महिन्याला ती शाळेतल्या मास्तरांकडून पत्र लिहून घ्यायची. निरोप रोजच जातोय म्हटल्यावर तिने ते बंद केलं होतं. महाशिवरात्रीला सोपानचं पत्र आलं, ते ज्योतीरामनेच तिला वाचून दाखवलं होतं. ‘आई, तुझं पत्र का नाही? रागावलीस का?’ हे पत्र जुनं, वाटेत रखडलेलं असेल म्हणून म्हातारी हसली होती. टिकटिकीवर सांग, रागावले न्हाई, म्हणाली होती. तेव्हाही ज्योतीरामने तिला खरं सांगितलं नाही. ‘सांगतो’ म्हणून तो शिफ्टला निघून गेला. त्यानंतर सोपानचं पत्र आलं नव्हतं.

आता त्याला स्वतःचीच किळस आली. “माफ कर, मावशी.”

“माफी नगं. कागुद घे.”

मारुतरावांनी नव्या जबाबासाठी कोरा कागद पुढे केला, तसा तिने तो हाताने सारला. “ह्यो मागनं. आदी माज्या पोराचा.”

ज्योतीराम तिच्यासमोर मांडी घालून बसला. तिने सांगायला सुरुवात केली. रडत नव्हती ती, दात आवळून एकेक शब्द सोडत होती.

“लिही. सोपान, तुजी आई जित्ती हाय. रागावली न्हाई. तू तिच्याशी रोज बोलतूस आसं तिला वाटलं, म्हनून तिनं कागुद धाडला न्हाई. लिवलंस?”

“हो.”

“लिही. बोलत हुता त्यो शेजारचा ज्योतीराम. त्यानं माज्याशी लबाडी केली. ह्यो कागुद त्योच लिवतूया.”

टाक थांबला. मारुतराव दुसरीकडे पाहू लागले.

“लिही की. टिकटिक करताना थांबत नव्हता तुजा हात.”

त्याने लिहिलं. गोजाबाईने कागद त्याच्या हातातून घेतला आणि मारुतरावांपुढे धरला.

“पाटील, तुमी वाचून दावा. ह्यानं लिवल्यावर माजा इस्वास न्हाई.”

मारुतरावांनी पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं, ज्योतीरामच्या नावासकट. म्हातारीने पत्रावर अंगठा उठवला. मग नवा जबाबही मारुतरावांकडूनच लिहून, वाचून घेतला आणि त्यावर उठवला. शाई पुसायला ज्योतीरामने रुमाल पुढे केला, तो तिने घेतला नाही. अंगठा लुगड्यालाच पुसला.

“जा, घे तुजा परवाना,” ती म्हणाली. “आन् उद्यापास्नं ती टिकटिक माज्या भिताडापास्नं लांब कर. मला ऐकाया नगं.”